थोर घराण्यातलं नाव

बाई, तुम्ही गेल्याला इतकी वर्षं झाली की तुमच्या थडग्यावरची अक्षरंही आता धड वाचता येत नाहीत, आणि मी मात्र आज तुमच्याशी भांडायला बसले आहे. आईवडील गेले, तुमच्या शाळेतल्या पोरी लग्नं होऊन कुठे कुठे पांगल्या. तसंही हे भांडण दुसऱ्या कुणाशी होण्यासारखं नाही, कारण ते तुम्ही मला दिलेल्या नावाचं आहे.

तो दिवस मला लख्ख आठवतो. वाशीमला तुमच्या मिशनच्या शाळेत मी नुकतीच आलेली, गावाबाहेरच्या आमच्या मळ्यातून, वांगी आणि मेथी बाजाराला नेणाऱ्या बैलगाडीत बसून. लहानपणी तापात माझा डावा पाय वाळला होता. मळ्यात माझा उपयोग नव्हता, म्हणून शाळा. वर्गात माझ्या नावाच्या आधीच दोघी होत्या, तुम्ही हाक मारली की तिघी उभ्या राहायचो. एकीला थोरली म्हणायचं ठरलं, दुसरीला धाकटी, आणि माझी पाळी आली तेव्हा मागून आवाज आला, "हिले लंगडी म्हना नं बाई, सोपं पडते!" सगळा वर्ग हसला. तुम्ही पट्टी टेबलावर अशी आपटलीत की दौत कलंडली. "हा शब्द माझ्या शाळेत पुन्हा ऐकू आला, तर बोलणारीला घरी पाठवीन," असं तुमच्या त्या पुस्तकी, एकेक अक्षर तोलून बोललेल्या गोऱ्या मराठीत म्हणालात. मग थोडा वेळ माझ्याकडे बघत उभ्या राहिलात आणि म्हणालात, "हिचं नाव आजपासून क्लॉडिया."

त्याच आठवड्यात मी तुमच्या स्वयंपाकघरात लसूण सोलायला बसले आहे. तुम्ही चुलीपाशी, धुरानं डोळे लाल, तरी पोळी स्वतःच भाजायचा हट्ट. मी विचारते, "बाई, माह्या नावाचा अर्थ काय?" तुमचा हात तव्यावर थांबतो, पोळी करपते. "अर्थ म्हणजे, ते रोममधल्या एका थोर घराण्याचं नाव आहे. फार जुनं. त्या घराण्यात जन्मलेल्या सगळ्या मुली हेच नाव लावत." मला गंमत वाटते. सगळ्या बहिणींचं एकच नाव असेल तर आई हाक कुणाला मारायची? तुम्ही हसता. "थोरली म्हणायची, दुसरी म्हणायची, तिसरी म्हणायची. तुमच्या वर्गासारखंच." मग तुम्ही मला ती करपलेली पोळी गूळ लावून खायला देता, आणि त्यानंतर अर्थाचं काही मी विचारत नाही. थोर घराणं एवढं मला पुरलं. माळ्याच्या घरातून आलेल्या, फरफटत चालणाऱ्या पोरीला आणखी काय पाहिजे होतं?

माझा तुमच्यावर जीव का जडला ते सांगते. गावातलं कुणीही समोरून आलं की आधी माझ्या पायाकडे बघायचं, मग तोंडाकडे. तुमची नजर कधी खाली गेली नाही. विहिरीवरून पाणी आणायची पाळी सगळ्यांना, तशी मलाही. एकदा एका मोठ्या पोरीनं माझी बादली उचलली तर तुम्ही तिच्यावरच ओरडलात, "तिचे हात चांगले आहेत, तिची बादली तिला दे." अर्धं पाणी परकरावर सांडत मी ती स्वयंपाकघरापर्यंत नेली, आणि त्या दिवशी मी स्वतःला पक्कं सांगून टाकलं की या बाईला माझा पाय दिसतच नाही.

घरी त्या नावाची वाटच लागली. आई दोन-तीनदा तोंड वेडंवाकडं करून म्हणाली, "माह्या जिभेले नाई येत थे. मी आपली कालवडी म्हन्तो." बाबा मोटेवरून ओरडले, "पोरगी हाय का कालवड हाय वं?" आम्ही तिघंही पोट धरून हसलो. पुढे हसू आटलं. मी नागपूरला नर्सिंग शिकायला गेले, तिकडेच तुम्ही तापानं गेल्याचं कळलं, आणि शिकून वाशीमच्या दवाखान्यात लागले तेव्हा माझं पहिलं नाव घेणारी फक्त आई उरली होती, तीही चुकून. जातीतल्या लोकांनी परस्पर ठरवलं की मी बाटले. बाई, मी तुमच्या धर्माचं पाणी कधी घेतलं नाही, तुम्हीही कधी आग्रह केला नाहीत. पण ते कोण ऐकतो? बाबांच्या तेरवीला काका सगळ्यांसमोर म्हणाले, "असं नाव हाय म्हन्जे पानी घेतलंच असन. तिले वसरीत बसवा." माझ्या बापाच्या तेरवीचं जेवण मी बाहेर वसरीत, वेगळ्या पत्रावळीवर जेवले. दोन स्थळं आली होती, तीही पाय बघून नाही, नाव ऐकून परत गेली. त्या तेरवीला वसरीत पाण्याच्या तांब्यासकट आई माझ्यापाशी येऊन बसली. "टाक नं बाई थे नाव. मी ठेवलेलं काय काट्याचं होतं?" मी म्हणाले, "मंग काय म्हनतीन लोक मले? लंगडीच नं?" आई पदरानं नाक पुसून उठली.

आणि आता दवाखान्यातला तो दिवस. कारंज्याच्या सरकी काढायच्या जिनातला एक हमाल पाय दाखवायला आलेला, कापसाचे तंतू अजून मिशीत. "थोडंसं चाल्लो का पोटरी दाटते डॉक्टरसाहेब. बसलो का बरं वाटते. उठून चाल्लो का पुन्हा तेच. पार लंगडा करून ठेवलं पायानं." आमचे डॉक्टर तरुण, शिकवायची हौस असलेले. पोटरी दाबून बघत कंपाउंडरला म्हणाले, "याला क्लॉडिकेशन म्हणतात, इंटरमिटंट क्लॉडिकेशन." मी पट्ट्या गुंडाळत होते. हसून म्हणाले, "माझं नाव आलं की हो त्यात!" "येणारच," तेही हसत म्हणाले. "लॅटिन आहे. क्लॉडस म्हणजे लंगडा. रोममध्ये मोठं घराणं होतं, त्याचं नाव त्यावरूनच पडलं म्हणतात. कुणी तरी पूर्वज त्यांचा..." आणि इथे त्यांची नजर माझ्या पायावर गेली. वाक्य तिथेच राहिलं. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल होऊन ते स्वच्छ हात पुन्हा धुवायला गेले. हमालानं माझ्याकडे बघून विचारलं, "काय झालं बाई? लय खराब बिमारी हाय का?"

नंतर डॉक्टरांनी माझी समजूत घालायला फार धडपड केली, चांगला माणूस होता. म्हणाले, त्या घराण्यात सम्राट झाले, त्यातला एक तर खरोखरच लंगडत होता. असेल. सम्राटाला लंगडणं परवडतं. मला त्या नावासाठी बापाच्या तेरवीला वसरीत बसावं लागलं, आणि जो शब्द चुकवायला मी ते उराशी धरून बसले होते, तोच त्यात होता.

तुम्हाला ठाऊक होतं का, बाई? तुमच्या कपाटात त्या भाषेची पुस्तकं होती, मीच त्यांवरची धूळ पुसायची. पोरींनी लंगडी म्हटलं, आणि पट्टी आपटून झाल्यावर तुमच्या तोंडून तोच शब्द निघाला, फक्त आम्हाला न कळणाऱ्या भाषेत. हा योगायोग असेल? की आमच्यापैकी कुणाला कधीच कळणार नाही अशी खात्री होती? की तुमच्या मनात होतं, जो शब्द इथे शिवी आहे तो तिकडे सम्राटांचं नाव आहे, म्हणून तो या पोरीला तसाच द्यावा? मग तसं सांगायचं होतं. मोठी झाल्यावर, कधीतरी, पोळ्या भाजता भाजता. तेवढं तुमच्यानं झालं नाही, आणि त्याचा राग माझ्या मनातून जात नाही, जाऊ नये असंच वाटतं.

हे पत्र कुठे धाडायचं नाही, म्हणून एक लिहून टाकते. तुम्हाला काहीच ठाऊक नव्हतं असं धरलं, तर माझा राग संपायला हवा, पण मला जास्त वाईट वाटतं. मग तुम्ही डोक्यात आलेलं एक नाव समोरच्या पोरीला देऊन मोकळ्या झालात, माझ्या जागी दुसरी असती तर तिलाही तेच मिळालं असतं. ठाऊक असेल, तर निदान त्या दिवशी तुम्ही मला नीट बघितलं होतं, पायासकट. म्हणून तुम्हाला ठाऊकच होतं असं धरून मी तुमच्यावर रागावत राहते, बाई.