उसातली पिल्लं

डिंगोरे,
१६ डिसेंबर २०२४

आरतीवहिनींस, हर्षालीचा नमस्कार.

तुम्ही अवसरीला माहेरी गेल्यापासून आमचा फोन उचलत नाही, म्हणून पत्र. फाडायचं असलं तर वाचून फाडा. आई बरी आहे, गुडघा तेवढा कुरकुरतोय. तांबडी व्याली, कालवड झाली. इथं थंडी लई आहे. दादा बरा आहे, म्हणजे कामाला जातो आणि बोलत नाही.

काल रविवार, म्हणजे मी गायरानावर आम्ही काहीजणांनी लावलेल्या निसर्गबागेत होते. हो, अजून जाते. तुमच्या शौर्यला बिबट्यानं नेल्यावर तुम्ही मला म्हणाला होता, "तुमी झाडी वाढवली आन् वाघ पोसला." त्यानंतर मी तुमच्यापुढं बागेचं नाव काढलं नाही. रागही आला होता, पण तुमच्यावर रागवायला मला तोंड कुठलं? झाडांना पाणी घालायला मात्र जात राहिले.

दुपारी रोपांना आळी करत होते, तर दादा आला. बागेला लागून आपल्या उसाची तोड चालू आहे. हातात कोयता, खांद्यावर टोमॅटोचं कॅरेट, त्यावर गोणपाट. माझ्यापुढं आदळून म्हणाला, "बघ."

आत बिबट्याची दोन पिल्लं. डोळे नुकते उघडलेले.

खरं सांगते वहिनी, मी पिल्लांकडं बघितलंच नाही. कोयत्याकडं बघत होते. "दादा, तो खाली ठेव," म्हटलं. ठेवेना. मग मीच भडकले. "उचललीस कशाला? आम्ही घसा फोडून सांगतो, पिल्लं सापडली की जागची हलवू नका. आई तिथंच येते. आता ती शोधत वस्तीत शिरली म्हणजे?"

"शिरू दे," दादा म्हणाला. "तिलाबी कळू दे."

मी वनखात्याला फोन लावला. त्यांची जीप आली, साहेबांनी विचारलं, "नेमकी कुठं सापडली?" पिल्लं तिथंच परत ठेवायची असतात. पण तिथलं रान तोडून मोकळं झालेलं, सगळीकडं पाचटच पाचट. जागा एकट्या दादाला ठाऊक, आणि दादा गप्प. लिंबाखाली पाठ करून बसला. साहेबांनी विनवलं, मी ओरडले. तुम्हाला त्याचं गप्प बसणं माहीत आहे.

दिवस कलला. उरलेल्या उसातून गुरगुर ऐकू यायला लागली, एकदा इकडून, एकदा तिकडून. वस्तीतल्या बाया पोरांना हाका मारत होत्या. तेवढ्यात कॅरेटातलं एक पिल्लू केविलवाणं ओरडलं. दादा उठला.

कोयता माझ्या हातात दिला. "मी ठिवतो. जागा मलाच ठावं हाय."

"अरे, ती तिथंच आहे! साहेबांना सांग, ते ठेवतील."

"सांगून सापडायचं न्हाई."

कॅरेट उचलून चालत गेला. मागं वनखात्याचे दोघं काठ्या घेऊन. वाकला, पाचट बाजूला केलं, कॅरेट आडवं ठेवलं. आणि येडा तिथंच उभा राहिला! "दादा, ये ना रे!" म्हणून मी किंचाळले तेव्हा कुठं जीपकडं वळला.

आम्ही लांब जीपमध्ये काचा लावून बसलो. ती आली. एक पिल्लू मानेला धरलं, उसात नेलं. दुसऱ्यासाठी येईनाच. दादानं माझं मनगट असं आवळलं की आज वळ उठलाय. "यील का गं ती?" सारखं तेच विचारत होता. शेवटी आली, दुसरंही घेऊन गेली.

"तिला तिचं मिळालं," दादा म्हणाला.

वहिनी, एवढं सगळं लिहिलं, पण लिहायचं होतं ते अजून राहिलंच आहे. जाताना तुम्ही मला म्हणाला होता, पोर गेलं तरी या माणसाच्या डोळ्यातून टिपूस आलं नाही, दगडाबरोबर कशी राहू? काल जीपमध्ये दादा रडला. "माझा शौर्य, माझा शौर्य," म्हणून हंबरडा फोडला. साहेब खाली उतरून पाठ करून उभे राहिले. मला त्याला धरता येईना. मी कितीही केलं तरी बहीणच.

आरतीला यातलं काही कळवू नको, असं त्यानं मला बजावलंय. म्हणून कळवते.

परत या असं म्हणत नाही. पण आता रडायला लागलाय, तर त्याला एकट्याला रडू देऊ नका.

तुमचीच, तुम्ही रागावलात तरी तुमचीच नणंद,
हर्षाली