पूलवाल्याचं कार्ड

प्रिय धाकट्या,

हे पत्र कचेरीतून लिहितेय, कार्डांच्या खोलीचं दार आतून लावून. बाहेरच्या बाकावर एक बाई बसल्या आहेत. चरित्रकोशाच्या नव्या आवृत्तीचं पान पाचला छपाईला चढेल आणि आता सव्वातीन झालेत. रविवारी पुलाला नानांचं नाव द्यायचा कार्यक्रम, तुझं भाषण पाठही झालं असेल. फोन केला असता, पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस.

आमच्या चरित्रकोशात नानांच्या नावाची तीन माणसं आहेत: पोहणारे, डोळेवाले आणि आपले पूलवाले. एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांच्या नोंदीत पोहणाऱ्यांचा चड्डीतला फोटो छापला गेला आणि डॉक्टरांच्या बायकोने माझी बिनपाण्याने केली, ते सांगून तू अजून पाहुण्यांना हसवतोस. ती चूक लगेच सापडली, म्हणून तिचं हसू झालं.

एका माणसाला एक कार्ड, ही आमची रीत. एकाच नावाची, एकाच पेशातली दोन कार्डं आली, तर जन्मसाल पडताळल्याशिवाय टाचणी लावून ती एक करायची नाहीत, हे मी नव्या मुलींना पहिल्याच दिवशी बजावते. बावीस वर्षांपूर्वी मीच नवी होते आणि मीच टाचणी लावली. नाव तेच, खातं तेच, मोठ्या पुलावरची नेमणूकही त्याच सालची. एका कार्डावर जन्मसाल नव्हतं. पण स्वतःच्या वडिलांची खातरजमा कोण करतं?

छापील खंड मी घरी आणला तो दिवस आठव. नानांनी चष्मा लावून नोंद दोनदा वाचली, पाणी मागितलं आणि म्हणाले, "छान लिहिलंयस गं." पुन्हा त्यांनी तो खंड हातात घेतला नाही. पुलावरून जायचंही सोडलं. मावशीकडे जायला जुन्या रस्त्याने तासभराचा वळसा घालायचे आणि म्हातारपणाचा हट्ट म्हणून आपण त्यांची चेष्टा करायचो. तू मात्र ती नोंद कापून टेबलावर चिकटवलीस आणि इंजिनिअर झालास.

बाकावरच्या या बाई सोमवारी पहिल्यांदा आल्या. निवृत्त शिक्षिका आहेत, बोलणं मोजकं. त्यांनी वडिलांचं नाव सांगितलं तेव्हा मी हसून म्हटलं, आमच्याकडे तीन आहेत, तुमचे कुठले? त्या म्हणाल्या, "चौथे." आणि पुलाचे मूळ नकाशे माझ्यापुढे उलगडले. त्यांचे वडील पूल खुला होण्याआधीच वारले. आईच्या पश्चात पेटी उघडली, तेव्हा नकाशे सापडले. आखणीचं अक्षर नानांचं नाही. नानांचं अक्षर आहे ते प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात: "तपासलं, बरोबर आहे." खाली सही आणि तारीख. पूल त्या दुसऱ्यांनी बांधला रे. आपल्या नानांनी तो तपासला.

नानांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. लेकीची नवी नोकरी जाऊ नये म्हणून ते गप्प बसले, की तुझ्या डोळ्यांतला अभिमान पाहून, की त्यांनाही ते गोड वाटलं, हे विचारायला आता ते नाहीत. मी त्यांच्यावर चिडले आहे, आणि चार दिवस त्यांच्याच खुर्चीत बसून रडतेही आहे. नकाशांची दुसरी प्रत नाही. संपादकांनी ते पाहिलेले नाहीत. "पुरावा अपुरा" असं लिहून गुंडाळी परत केली असती, तर झाकली मूठ तशीच राहिली असती. खरं लिहिलं, तर नाना कोशातून जातात. नुसतं तपासणाऱ्याची नोंद आम्ही घेत नाही. मी तरी जन्मभर तपासण्याशिवाय दुसरं काय केलंय, सांग.

पान मी दुपारीच दुरुस्त केलं, सही करून पाठवलं आणि मग पत्राला बसले. आधी तुला विचारलं असतं, तर तू अडवलं असतंस आणि मी अडले असते. हे पत्र कुरियरने उद्या तुझ्या हातात पडेल. रविवारचा फलक बदलू नकोस, नाव बरोबरच आहे. नानांचा फोटो तेवढा उतरव आणि फलकावरच्या पडद्याची दोरी या बाईंच्या हातात दे. आता मी दार उघडून त्यांना सांगणार आहे, की रविवारी माझा भाऊ स्वतः तुम्हाला न्यायला येईल. येशील ना?

रागावलास तरी तुझीच,
ताई