म्हातारी उपाशी आहे

प्रिय ठमे,

तुझा फोन आला की मी हवापाण्याचं बोलून मोकळा होतो. आज कागद घेतलाय, म्हणजे मला सविस्तर बोलता येईल आणि तुला मध्येच तोडता येणार नाही.

थंडी कडाक्याची पडलीये, रात्री पारा शून्याच्या खूप खाली जातो. घरात मी आणि रेडिओ दोघंच, त्यातला एकच बोलतो. तुझी आई गेल्यापासून मी शेडमध्येच जास्त असतो. आपल्या ट्रॅक्टरला, म्हणजे म्हातारीला, आता कुठलाच ऋतू मानवत नाही. उन्हाळ्यानं टायरांना भेगा पाडल्या, रबरी पाइप लाकडासारखे कडक केले. दमट हवेत रिकाम्या टाकीत पाणी धरतं, म्हणून डिझेल काठोकाठ भरून ठेवतो. पण खरी वैरीण थंडी. इंजिन गार ठेवायचं पाणी गोठलं की फुगतं आणि इंजिनचं लोखंडसुद्धा फोडतं. न गोठणारं औषध घालावं, तर ते तिच्या जुन्या सांध्यांतून पाझरतं.

म्हणून आपली ती रीत. काम झालं की तोटी उघडून सगळं पाणी बादलीत काढायचं, बादली भरलेली तशीच खाली ठेवायची आणि स्टिअरिंगला तुझी पत्र्याची पाटी अडकवायची. दुसरीत असताना तू तिच्यावर रंगानं लिहिलंस, ‘म्हातारी उपाशी आहे’. पाणी न भरता कुणी सुरू करू नये, एवढ्यासाठी. सकाळी आई किटलीनं कोमट पाणी भरायची, पाटी काढायची, मग मी हँडल मारायचो. आता दर रविवारी सगळं मीच करतो. शेत कधीच दुसऱ्याला कसायला दिलंय, तरी तिला तासभर चालवतो. तेवढाच घरात आवाज होतो.

गेल्या मंगळवारी पाहतो तर इंजिनला वीतभर चीर, आत बर्फ. पाटी मात्र जागच्या जागी. माझं डोकंच फिरलं. शेजारच्या वेल्डरनं आगाऊपणा करून पाणी भरलं असणार, असं धरून त्याला नाही नाही ते बोललो. त्या बिचाऱ्यानं तोटीखालची बादली उचलून माझ्यासमोर धरली. कोरडी ठणठणीत होती. ठमे, रविवारी तोटी उघडल्याचं मला अजूनही लख्ख आठवतं, हाताला लागलेल्या गारव्यासकट.

तीन वर्षं तू बोलावतेस आणि मी म्हातारीचं निमित्त पुढे करतो. वेल्डरची मी माफी मागितली. चीर सांधता येईल, म्हणतो. मला तिची काळजी नाही. मला एकट्यानं राहायची भीती वाटायला लागलीये. मला न्यायला ये. फोनवर मी बरा आहे म्हणालो, तरी ये. हे पत्र पेटीत टाकल्याचंही मला असंच लख्ख आठवेल, म्हणून ते वेल्डरच्या हातात देतोय.

तुझाच,
बाबा