तुपातलं पान

दादा,

तुला तरी काय गरज होती आईपुढं तसं बोलायची? चेष्टा करायची तर माझी करायची, गावाची करायची. बायकोनं वाढलेलं ताट पुढ्यात घेऊन आईला म्हणालास, "आई, ह्या म्हसवडच्या बाईनं माझी शेळी केली बघ. सकाळी पाला, सांजच्याला पाला!" तू हसलास, वहिनी हसली, मीही फोनवर ऐकून हसलो. आई तेवढी हसली नाही. तुझं ते बोलणं तिनं पदराच्या गाठीला बांधून ठेवलं आणि तू गेल्यावर सोडलं.

तुझं कायमचं हेच. तू बोलून मोकळा व्हायचास, निस्तरायचं दुसऱ्यानं. आता तर पारच मोकळा झालास!

पुढच्या पंधरवड्यात तुझं वर्षश्राद्ध आहे. आज सकाळी आईचा फोन आला. भावकीला सांगून झालंय, तुझ्या तालमीतल्या गड्यांना सांगून झालंय. वहिनीला नाही. "तिची सावली माझ्या वाघाच्या पानावर पडाय नको," म्हणाली. सातवीत शाळा सोडल्यापासून एवढं लांबलचक मी कधी लिहिलं नव्हतं. पण हे बोलायला दुसरं कोण आहे मला?

तुझा खुराक आठवतो का रं? दुधाची चरवी, बदामाची थंडाई, चरबीसकट मटण, आणि भाकरीवर तूप नव्हे, तुपावर भाकरी. घरात एकच पैलवान, मग बाकीच्यांनी भाकरीला पाल्याचं कोरड्यास खाल्लं तरी चालायचं. मेथीची काडी चुकून तुझ्या ताटात गेली तर आई ती उचलून माझ्यात टाकायची. "पाला पैलवानानं खायाचा नसतुया. आंग ढिलं पडतंय." मी म्हणायचो, मग माझं पडू दे का? तर म्हणायची, "तुझं घट हाय कुठं?"

मग त्या रहिमतपूरकडच्या जत्रेत तुझा गुडघा गेला. लंगोट खुंटीला लागला. जोर सुटले, बैठका सुटल्या. खुराक मात्र सुटला नाही! तुपाची वाटी तशीच भरून येत राहिली. ती बंद केली की घरातला पैलवान संपला, असं आईला वाटायचं. तुला वाटत नव्हतं का? खरं सांग. गावात कुणी "काय पैलवान" म्हणून हाक मारली की घरी येऊन दोन भाकरी जास्त खायचास.

मिरजेच्या डॉक्टरानं सांगितलं, लिव्हरला, म्हणजे काळजाला, चरबीचा वेढा बसलाय, रक्तातही चरबी आहे, तूप थांबवा. आईनं त्याला तोंडावर विचारलं, "तुमी कवा लाल मातीत उतरलाय का?" वहिनीनं मात्र ऐकलं. बांधाबांधानं हिंडून तांदुळजा, चिघळ, पाथरी खुडून आणायची. तिच्या माहेरी पाण्याची मारामार, तिथली माणसं असल्या भाज्यांवर पावसाळा काढतात. तू नाक मुरडत खायचास, पण खायचास. चार-सहा महिने झाले असतील. मग ऊस घेऊन कारखान्यावर गेलास आणि ट्रॅक्टरच्या सीटवरच मान टाकलीस.

आईचा हिशोब सरळ. तूप खात होता तोवर वाघ होता, पाला खाल्ला आणि गेला.

दहाव्याला कृष्णेच्या काठी पिंडाला कावळा शिवेना. ऊन चढलं. कुणी काय कबूल केलं, कुणी काय. मी म्हटलं तुझी जमीन बघतो, तरी नाही. मग आई उठली, म्हणाली, "उपाशी गेलाय माझा लेक," आणि पिंडावर तुपाची वाटी पालथी केली. कावळा आला! सगळ्या माणसांनी एकदम वहिनीकडं बघितलं. ते बघणं मी विसरणार नाही. तिनं कुठं बघावं हेही तिला कळेना. महिन्याभरात तिचा भाऊ येऊन तिला घेऊन गेला. कुणी जा म्हटलं नाही, कुणी राहा म्हटलं नाही. पोटी लेकरू असतं तर घरात तिला कोपरा तरी राहिला असता.

अरे, कावळा तुपाला आला! तुपाला कोण येत नाही? माझे उंदीरसुद्धा येतात.

हो, उंदीर. तुला हे सांगायचं राहूनच गेलं. हैदराबादला मी गलाईच्या दुकानात सोनं गाळायला आलो होतो ते तुला ठाऊक आहे. ती भट्टी सोडली, मग खानावळ सोडली, मग गोडाऊन. "बारक्याच्या पायाला भिंगरी हाय," म्हणायचास ना? आता एका संशोधन संस्थेत प्रयोगाचे पांढरे उंदीर सांभाळतो. पिंजरे धुवायचे, भुसा बदलायचा, खाणं-पाणी द्यायचं. काही उंदरांना साधं खाणं. काहींना डालडा आणि चरबी कालवलेलं. आणि काहींना तेच चरबीचं खाणं, पण त्यात पालेभाज्या वाळवून केलेली पूड. चरबीवर कशी झडप घालतात म्हणून सांगू! पूड घातलेलं आधी हुंगतात, तुझ्यासारखं नाक मुरडतात, मग खातात.

चरबीवाल्यांत एक जाडजूड होता, कोपऱ्यात पाठ टेकून धापा टाकत बसायचा. मी त्याला पैलवान म्हणायचो. एक दिवस पिंजरा उघडताना त्याच्या बसण्यात मला तू दिसलास. ओसरीवर, खांबाला टेकून, गुडघ्याला हात लावून. त्यानंतर मी त्याला नावानं हाक मारली नाही.

मुदत भरली की त्यांना मारतात, दादा. आत बघायचं तर दुसरा इलाज नाही. मी ट्रे धरून उभा होतो. पैलवानाचं काळीज पिवळट, बोट लावलं तर तेलकट. पाला खाल्लेल्यांचं काळीज बरंच तांबूस. हा प्रयोग करणाऱ्या मॅडमना मी विचारलं, असं का? त्या तेलंगणाच्या, हिंदीतून बोलतात. म्हणाल्या, जास्तीची चरबी अंगात खराब होते, जुनं तेल डब्यात होतं तशी, आणि आजूबाजूलाही नासवते. पाल्यात असं काही असतं की ते हा नास लांबवतं.

मला एकच शब्द आठवला. खवट.

आणि आई आठवली. लोणी कढवताना ती शेवटी काय टाकते रं? विड्याचं पान! पान नसलं तर शेवग्याचा पाला. जन्मभर टाकत आली. आपण दोघं ते कुरकुरीत पान खायला भांडायचो. तुझी सगळी पालेभाजी ती तेवढीच!

आज सकाळी मी तिला फोनवर हे सगळं सांगितलं. आधी उंदरांचं. तर भडकली, "माझ्या वाघाची बरोबरी उंदराशी करतुयास? लाज न्हाई वाटत?"

मी म्हटलं, "बरं, उंदीर राहू दे. तू तुपात पान कशाला घालतीस?"

"खवट हुऊ न्हाई म्हनून."

"मग वहिनीनं दुसरं काय केलं गं?"

 पलीकडं तिनं कोंबड्यांना हुसकलं. मग हळूच म्हणाली, "म्हंजी तूप घालून मीच मारला म्हन की त्याला."

दादा, मला वाटलं होतं मी भांडण जिंकलो. तेव्हा कळलं, आई वर्षभर कशाला घट्ट धरून बसली आहे ते. वहिनीनं मारलं नाही असं ठरलं, तर मग तिच्या डोळ्यापुढं तिचाच हात येतो, वाटी धरलेला. तो हात घेऊन ती म्हातारी जगणार कशी?

मी म्हटलं, "आई, तसं न्हाई गं." ती म्हणाली, "ठेव फोन." आणि तिनंच ठेवला.

मॅडमना मी मघाशी विचारलं, माझा भाऊ आधीपासून पाला खाता तर जगला असता का? त्यांनी हातातली वही मिटली. म्हणाल्या, "चूहा चूहा है, भैया. आदमी का मैं नहीं बोल सकती." तेवढंही कुणी छातीठोक सांगेना मला! आणि पाला खाल्लेले उंदीर तरी कुठं वाचले? त्यांनाही मी त्याच ट्रेमध्ये धरलं.

म्हणजे कुणी मारलं तुला? वहिनीनं नाही एवढं मला पक्कं कळलंय. आईनं, असं मी कधीच म्हणणार नाही. तू स्वतः एक शब्द बोलला असतास, "आई, वाटी बस झाली," एवढाच, तर आज ह्या दोन बायका एकमेकींना जड झाल्या नसत्या. तू दोघींच्या हातचं खाल्लंस आणि दोघींना अडकवून गेलास.

आता मी सांगतो ते ऐक. श्राद्धाला मी येतोय. आधी म्हसवडला उतरून वहिनीला बरोबर घेऊन येणार, दारातून कुणी परत लावलं तर दोघंही परत जाणार. आईला सांगणार, तूप तूच कढव, पान टाकून. वहिनीला सांगणार, तांदुळजा तूच खुडून आण. तुझ्या पानावर भाकरी असेल, तिच्यावर आईचं तूप आणि शेजारी वहिनीची भाजी. कावळ्यानं कशाला आधी चोच लावली ते मी कुणाला बघू देणार नाही. हा माझा शब्द.

तुझा
बारक्या

ता. क. आईनं श्राद्धाच्या खर्चाला पैसे मागितलेत. बाजार ज्याच्या हाती त्याची चूल, म्हणून ते तिच्याकडं नाही, वहिनीच्या खात्यावर टाकतोय; श्राद्धाचा बाजार तीच करेल. बारा हजार रुपये.