केसभर उशिरा

मी, खाली सही करणारी, वय पूर्ण एकाहत्तर, व्यवसाय बेस गिटार वाजवणे, राहणार चौथा मजला, जिन्यासमोरची खोली, माझ्या पश्चात माझ्या वस्तूंचे काय करायचे ते माझ्या हाताने आणि माझ्याच मर्जीने लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरीणबाईंचा तसा दाखला सोबत टाचला आहे. पाय ठिकाणावर नाहीत, पण ते कधीच नव्हते. बसून लिहायला घेतले की टाच जमिनीवर ठेका धरते आणि खालच्या मजल्यावरची शिंपीण काठीने छत बडवते, म्हणून हे सगळे इस्त्रीच्या टेबलाशी उभी राहून लिहीत आहे. अक्षर वाकडे दिसेल. तो उजव्या हाताचा कंप आहे, मनाचा नव्हे. वकीलबाई म्हणाल्या, सही ओळखू येते आहे तोवर उरकून घ्या.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. एकदा घाटात बँडच्या गाडीचे ब्रेक गेले तेव्हा ड्रमवाल्याला तोंडी काही सांगितले होते, ते रद्द समजावे.

कलम १. राहती खोली धाकट्या भावाला. त्याचा माझ्यावर जीव आहे. त्या जिवापायी त्याने काय करून ठेवले ते कलम ५ मध्ये येईल, पण खोली त्याचीच.

कलम २. इस्त्रीचे टेबल शिंपिणीला. वीस वर्षे तिने माझ्या नावाने काठी झिजवली, पण ती काठी दर वेळी बरोबर दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर, नाचणारे टाळी देतात तिथेच, पडते. हे तिला कधी सांगितले नाही, शेफारली असती. या मृत्युपत्रावर साक्ष घाल म्हणून मी तिला विनवले होते. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असा कायदा वकीलबाईंनी समजावला. शिंपिणीने एकदा टेबलाकडे पाहिले आणि साक्ष नाकारली.

कलम ३. ड्रमवाल्याला काहीही नाही. तेवीस वर्षे तो घाई करत आला आणि मी मागे राहते असे बँडमास्तरांना सांगत आला. त्यामुळे साक्षीदार म्हणून तो अगदी योग्य आहे. त्याने आनंदाने होकार दिला आहे.

(मध्ये दूध उतू गेले. नंतर विनाकारण दोनदा जिना उतरून चढले.)

कलम ४. तबकड्या, एकूण दोनशे बारा. गाणाऱ्याचे नाव मुखपृष्ठावर हातभर अक्षरांत असते, बेस वाजवणाऱ्याचे कुठेच नसते. लोक ज्याच्यावर नाचतात त्याचे नाव लोकांना ठाऊक नसते. मी कंपन्यांना, स्टुडिओंना, वादकांच्या विधवांना पत्रे लिहून एकेक नाव शोधले आणि मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिले. त्यात एक दिवसा टपाल वाटायचा आणि संध्याकाळी एकाच बोटाने वाजवायचा. एक बाई मूल कडेवर घेऊन यायची, ते तंत्रज्ञाच्या मांडीवर ठेवून एका दमात गाणे वाजवायची आणि मूल उचलून घरी जायची. यांच्याकडून मी शिकले. शेवटच्या चाळीस तबकड्या यंत्रावर केलेल्या नाचगाण्यांच्या आहेत. त्या मी आधी नाके मुरडत घेतल्या होत्या. मग लक्षात आले की तिथेही काम तेच आहे. चार ठोके पायाला सांगतात कुठे पडायचे, बेस कमरेला सांगतो कधी. यंत्र असले तरी बटणामागे कोणीतरी असतेच, म्हणून त्यांचीही नावे शोधली. पेन्सिलीच्या या नावांना रबर लावू नये. कोणाला द्यायच्या ते कलम ८ मध्ये पाहावे.

कलम ५. बेस गिटार. तिच्यावर एकच तारांचा संच सव्वीस वर्षे होता. तारांत घाम आणि मळ मुरला की सूर गोल होतो, चमकत नाही, पोटात जाऊन बसतो. असा सूर विकत मिळत नाही. माझ्या एकोणसत्तराव्या वाढदिवसाला भावाने ती गुपचूप दुकानात नेली, घासूनपुसून पॉलिश केली आणि नव्या तारा चढवून आणली. "बघ ताई, कशी नव्यासारखी झाली," म्हणाला. जुन्या तारा दुकानदाराने कधीच कचऱ्यात टाकल्या होत्या. मी हसून त्याच्या पाठीवर हात फिरवला आणि न्हाणीघरात नळ सोडून रडले. बिचाऱ्याला आजही ठाऊक नाही. हे वाचताना कळेल. बाळा, वाईट वाटून घेऊ नकोस, पण पुढच्या वेळी विचार. वर्षभरात हाताला कंप सुरू झाला आणि नव्या तारा मुरवायचीही सोय उरली नाही.

माझा जुना सूर त्यानंतर जगात एकाच ठिकाणी शिल्लक होता, आणि तिथे माझे बोलणे बंद होते.

कलम ६. भाची. माझ्या मोठ्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा ही अकरा वर्षांची होती, तेव्हापासून माझ्या घरात वाढली आणि पुढे कॉम्प्युटरवर नाचगाणी करू लागली. सहा वर्षांपूर्वी तिने मला तीन दिवस बसवून एकेक सूर वेगळा वाजवून घेतला: चारही तारा, तारेवरची प्रत्येक जागा, हळू, मध्यम, जोरात. कशाला विचारले तर म्हणाली, "असू दे ना, मावशी." मला वाटले, आठवण म्हणून ठेवत असेल. वर्षाने तिने ते सुटे सूर जोडून केलेली एक तबकडी आणून लावली. सात मिनिटे माझी बोटे मी कधीच न वाजवलेली ओळ वाजवत होती. मागे छापले होते, "बेस: मावशी." जन्मभर दुसऱ्यांची नावे शोधणारीच्या वाट्याला हे आले. जगाला काय कळणार कोणाची मावशी? माझा तोल गेला. मी म्हणाले, "तू माझे हात कापून नेलेस आणि वर मलाच दाखवायला आणलेस."

तबकडी टेबलावर ठेवून ती निघून गेली. त्याला पाच वर्षे झाली. तिने फोन केला नाही, मीही नाही. आम्हा दोघींचे नाक एकाच साच्यातले आहे.

कलम ७. अँप्लिफायर आमच्या बँडच्या जुन्या हॉलला. तिथे आता नाचघर आहे. तीन आठवड्यांपूर्वी दुपारी चार वाजता हे विचारायला गेले तर रिकाम्या हॉलमध्ये आवाजाचा माणूस स्पीकर तपासत होता, आणि वाजत होते तेच गाणे. तो मला ओळखत नव्हता. हेच का लावलेस, म्हणून विचारले. म्हणाला, "बाकीच्या गाण्यांत कॉम्प्युटर प्रत्येक सूर ओढून सरळ रेघेवर बसवतो. यात कुणीतरी एकेक सूर हाताने मागे सरकवलाय. केसभर. आणि चौथा सूर आणखी थोडा मागे. सात मिनिटांचं गाणं आहे बाई, किती दिवस बसले असतील विचार करा."

तारा दाबणाऱ्या हाताची माझी करंगळी विसाव्या वर्षी बसच्या दारात सापडली होती. तेव्हापासून तिच्यावर येणारा माझा चौथा सूर उशिरा येतो. बँडमास्तरांनी त्यासाठी मला शिव्या घातल्या, ड्रमवाल्याने चहाड्या केल्या. त्या उशिरावर लोक नाचतात, हे घरातल्या एका पोरीने ऐकून ठेवले होते. तिने माझे हात चोरले नव्हते. ते माझ्याच खोडीसकट जपून ठेवले होते.

मी त्या मोठ्या स्पीकरवर उजवा हात ठेवला. तो खोकाच इतका थरथरत होता की माझा हात वेगळा थरथरतो आहे हे मलाही कळेना. मग मी नाचले. खांद्याला पिशवी तशीच होती.

मी चुकले. मला तिची फार आठवण येते. हे इथे लिहून ठेवत आहे.

~~कलम ८. बेस गिटार आणि सर्व तबकड्या माझ्या मृत्यूनंतर भाचीला द्याव्यात.~~

कलम ८ वरची काट माझीच आहे, तिचे कारण असे. वकीलबाईंनी विचारले होते, मृत्यूनंतरच का? मी खरे सांगितले: म्हणजे तिचे उत्तर मला ऐकावे लागणार नाही. त्यावर त्यांनी नुसते चष्म्यावरून पाहिले. ते पाहणे तीन दिवस डोक्यातून गेले नाही. आज सकाळी भाचीला फोन लावला. माफी तोंडात आली आणि तिथेच अडकली, म्हणून म्हणाले की साक्षीदार दोन लागतात, एक कमी पडतो आहे, येतेस का. साक्षीदाराला काही मिळत नाही, हे त्या क्षणी माझ्या डोक्यातच नव्हते.

ती दोन तासांत आली. उभ्याउभ्या सगळे कागद वाचले, कलम ६ दोनदा. मग म्हणाली, "सही केली तर गिटार जाते. नाही केली तर तुझ्या मरणाची वाट बघत बसायची. मला दोन्ही नकोय, मावशी."

तेव्हा मी गिटार खुंटीवरून काढून तिच्या हातात दिली. तबकड्याही दिल्या. आज, जिवंतपणी, माझ्या हाताने. जे लिहिले होते ते तोंडानेही सांगितले, अडखळत. ती रडली, मीही. मग तिच्या तबकडीवर "मावशी" या शब्दापुढे तिने पेन्सिलीने माझे पूर्ण नाव लिहिले आणि तबकडी लावली. माझी टाच सुरू झाली. तिचीही. खालून काठी आली.

भाचीने मान कलती करून ऐकले. "मावशी," म्हणाली, "हिचं दोन आणि चार अगदी बरोबर पडतंय."

कलम ९. नव्या तारा भाचीने काढू नयेत. त्या मुरायला सव्वीस वर्षे लागतील. तेवढी तिच्याकडे आहेत.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो माझ्या मनासारखा आहे. दोन्ही साक्षीदारांदेखत सही करत आहे. सही थोडी मागे सरकली आहे, ती तशीच असू द्यावी.

ठिकाण: इस्त्रीच्या टेबलाशी
तारीख: नऊ मार्च, मंगळवार, दुपारी सव्वाचार

सही: (बेसवाली)

साक्षीदार पहिला: ड्रमवाला. सही सर्वांच्या आधी, घाईने केली.

साक्षीदार दुसरी: भाची. या मृत्युपत्रातून तिला काहीही मिळत नाही.