लाल दोऱ्याचे तीन वेढे

९ फेब्रुवारी, गुरुवार

टॉरविक कंपनीने ओपलबाईंना वकिलाची नोटीस धाडली! सत्तर वर्षांच्या बाईला! लाल दोरा आमचा आहे म्हणे — ट्रेडमार्क नोंदवलाय — तीस दिवसांत वापरणं बंद करा, नाहीतर कोर्टात या.

दोरा! साधा शिवणाचा दोरा! इलेक्ट्रिक गिटारचा आवाज उचलणाऱ्या पिकअपवर केसासारखी तांब्याची तार पाच हजार वेढे गुंडाळायची, आणि शेवटचं टोक सुटू नये म्हणून वरून लाल दोऱ्याचे तीन वेढे घेऊन गाठ मारायची. आमच्या कलामझू गावच्या गिटारच्या जुन्या कारखान्यातल्या बायका हे टॉरविकच्या जन्माआधीपासून करत आल्यात. लाल का, तर पलीकडच्या शिवणकारखान्यात लाल रिळं उरायची आणि फुकट मिळायची. एवढंच त्याचं पुराण. कारखाना बंद पडला, बायका घरी बसल्या. ओपलबाई मात्र स्वैपाकघरातल्या टेबलावर गुंडाळतच राहिल्या. महिन्याला दहा-बारा पिकअप. माझ्याच दुकानात विकले जातात ते.

मी म्हटलं, "ओपलबाई, घाबरू नका." तर म्हणाल्या, "घाबरतंय कोण? चष्मा सापडत नाहीये. सापडला की वाचते, मग घाबरते."

माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली आहे. 

११ फेब्रुवारी, शनिवार

टॉरविकचे एकतीस पिकअप भिंतीवरून उतरवले. खोक्यात भरले. परत पाठवणार. खिडकीत पाटी लावली — 'इथे टॉरविक मिळणार नाही. का ते आत येऊन विचारा.'

ट्रूडी म्हणाली, "आत येऊन विचारा काय! आत आलेल्या माणसाला तू तासभर सोडत नाहीस. लोक रस्ता ओलांडून पलीकडून जातील." बायको आहे की शत्रुपक्षाची वकील!

गिटार दुरुस्त करणाऱ्यांचा इंटरनेटवर एक कट्टा आहे, तिथेही लिहिलं. संपूर्ण बहिष्कार! विकायचे नाहीत, बसवायचे नाहीत. संध्याकाळपर्यंत साठ उत्तरं. टेनेसी, टेक्सस, कुठून कुठून. छाती फुगली, खोटं कशाला बोलू.

२० फेब्रुवारी, सोमवार

ओपलबाईंना वकील मिळाली. ॲनिका — त्यांच्याच चर्चमधली, तिशीची, बारीक आवाजाची, पण कामाला वाघीण. दोऱ्याची नोंदणीच रद्द करा म्हणून अर्ज टाकणार आहे. पुरावे सगळे सत्तावीस एप्रिलपर्यंत द्यायचे. नंतर ब्रह्मदेव आला तरी उपयोग नाही.

मी विचारलं, मी काय करू? म्हणाली, सध्या काही नको. म्हटलं, मग मी बोंब मारतो. बोंब मारायला कुठे कायद्याची पदवी लागते!

३ मार्च, शनिवार

लायल आला. टॉरविकचा फिरता विक्रेता. वीस वर्षं येतोय, दर वेळी हातात बेकरीतली बदामाची लांब वडी. आजही होती.

"वेंडेल, मी नोकरमाणूस रे. माझं काय चुकलं? जरा बसून बोलू या."

मी हात पुढे केला नाही. बस म्हटलं नाही. तो वडी गल्ल्यावर ठेवून गेला. तोंड उतरलं होतं त्याचं. माझ्या आईच्या मातीला आलेला माणूस. पण तत्त्व म्हणजे तत्त्व.

ट्रूडीने वडी कापली. "बहिष्कार पिकअपवर आहे, बदामावर नाही."

४ मार्च, रविवार

मीही खाल्ली. एकच तुकडा.

१५ मार्च, गुरुवार

बहिष्कारात दोनशे चौदा दुकानं झाली!

गुरुवार म्हणून ओपलबाईंकडे. माझं काम ठरलेलं — दुपारी चारला जायचं, झालेले पिकअप मोजून घ्यायचे, कॉफी आणि केक खायचा, आणि टॉरविकच्या नावाने खडे फोडायचे. हे शेवटचं काम नवीन आहे, पण मला जमतं.

आज म्हटलं, "तुम्ही काळा दोरा घेतलात तर? निदान निकाल लागेपर्यंत?"

"घेतला होता काल. हात लाल रिळाकडेच जातो." मग गाठ मारता मारता म्हणाल्या, "नेलने शिकवली ही गाठ. माझ्या शेजारी बसायची. मी एकोणीस वर्षांची, रोज रडायचे, तार तुटायची ना सारखी. ती म्हणायची, पोरी, तार तुटते तुटू दे, गाठ नीट मार. नेल गेली, त्या रांगेतल्या सगळ्या गेल्या. एक्कावन्न वर्षं हा हात हेच करतोय. आणि आता कागद आलाय, की हा हात माझा नाही."

मी केकचा दुसरा तुकडा घेतला आणि खाली बघत बसलो.

२ एप्रिल, सोमवार

कट्ट्यावर आज भडका! कोणीतरी शोधून काढलं — सरकारी कचेरीने हा दोरा टॉरविकला उगाच नाही दिला. पंचवीस दुकानदारांनी शपथेवर लिहून दिलंय, की लाल दोरा दिसला की तो टॉरविकचाच, दुसऱ्या कोणाचा आम्ही कधी पाहिला नाही. पंचवीस! धंद्यातलीच माणसं! कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, दुसरं काय!

सगळे पेटलेत. नावं काढा, त्यांच्याकडून गिटारची तारसुद्धा घेऊ नका. मी सगळ्यांत वर लिहिलं — 'कागद सरकारी साइटवर आहेत. उद्यापर्यंत पंचवीसच्या पंचवीस नावं इथे टांगतो. आपल्याच बायकांचा हात विकणारे हे कोण, ते जगाला कळू दे.'

लोकांनी टाळ्या पाठवल्या.

३ एप्रिल, मंगळवार

नववं नाव माझं आहे.

४ एप्रिल, बुधवार

तारीख ऑगस्ट २००९. सही माझीच. 'वेंडेल होकस्ट्रा'चा तो मूर्ख लांब शेपटीचा शेवट माझ्याशिवाय कोणी काढत नाही.

आठवलं सगळं. रात्रभर आठवत होतो. शाळेच्या बँडच्या गिटारी आल्या होत्या दुरुस्तीला, मान वर करायला फुरसत नव्हती. लायल म्हणाला, "एक सही हवी, कंपनीचा कागद आहे, सगळेच करतायत." मी वाचलंही नाही. माझ्या हाताला सरस लागला होता, त्यानेच कागद एका गिटारच्या पाठीवर धरला. मी सही केली, त्याने टोपी दिली. टॉरविकची टोपी! दोन उन्हाळे घातली मी ती!

शपथेवर. मी शपथेवर सांगितलं, की दुसऱ्या कोणाचा लाल दोरा मी कधी पाहिला नाही. आणि त्याच आठवड्यात ओपलबाईंचे दहा पिकअप माझ्याच भिंतीवर टांगलेले असणार.

आपल्यासारखं गाढव साऱ्या मिशिगनमध्ये नाही.

५ एप्रिल, गुरुवार

कट्ट्यावर विचारतायत, नावं कुठायत? मी लिहिलं — साइट बंद आहे.

साइट चालू आहे.

ओपलबाईंकडे गेलो. पिकअप मोजले. केक खाल्ला. टॉरविकला शिव्या घातल्या, पण आवाज निघत नव्हता. म्हणाल्या, "घसा बसलाय का रे तुझा?"

८ एप्रिल, ईस्टर

ओपलबाई जेवायला. हॅम, बटाटे, ट्रूडीचा लेमन पाय. माझं ताट तसंच राहिलं. त्या गेल्यावर भांडी पुसता पुसता ट्रूडीला सांगून टाकलं.

ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "मग सांग तिला."

"त्यांचं मन मोडेल."

"तिचं काय मोडायचं ते ती बघेल. तुझं नाक कापलं जाईल, त्याची तुला भीती आहे."

खरं आहे. दोनशे चौदा माणसांचा पुढारी मी! हात दाखवून अवलक्षण.

१२ एप्रिल, गुरुवार

गेलो. सांगितलं नाही. आलो.

१७ एप्रिल, मंगळवार

लायलला फोन केला. ओरडायचं ठरवून केला होता. "तू मला फसवलंस!"

तो म्हणाला, "मला कंपनीने गठ्ठा दिला, सह्या आण म्हणाले. कशासाठी ते मलाही या जानेवारीत कळलं. मार्चमध्ये तेच सांगायला आलो होतो वेंडेल. तू हातसुद्धा दिला नाहीस."

मी माफी मागितली. त्यानेही मागितली. दोन म्हातारे, फोनवर एकमेकांची माफी मागतायत! शेवटी त्यानेच विचारलं, "शपथ मागे घेता येते का रे?"

येते म्हणे. बँकेत विचारून घेतलं. पण मग सगळ्यांना कळणार.

१९ एप्रिल, गुरुवार

सकाळी बँकेत गेलो. तिथल्या नोटरी, म्हणजे शिक्कावाल्या बाईसमोर लिहून दिलं — की मी कागद न वाचता सही केली. की लाल दोरा मी चाळीस वर्षं, शेकडो जुन्या गिटारींत, माझ्या या डोळ्यांनी पाहिलाय. की त्यातला अर्धाअधिक टॉरविक जन्मायच्या आधीचा आहे. या वेळी प्रत्येक ओळ दोनदा वाचली. बाई म्हणाली, "साहेब, मागे रांग लागलीये."

चार वाजता ओपलबाईंकडे. बसलोच नाही. उभ्याउभ्याच सांगितलं. सरस, टोपी, सगळं. कागद टेबलावर ठेवला. रडू आलं, आवरलं नाही.

त्यांनी कागद वाचला. घडी घातली. मग म्हणाल्या, "इकडे ये. या टोकावर बोट ठेव." मी बोट ठेवलं. त्यांनी तीन वेढे घेतले, गाठ मारली. "हं, काढ आता. केक आहे."

बस. एवढंच. एक शब्द लावून बोलल्या नाहीत. घरी आलो तेव्हा दोन आठवड्यांनी भूक लागली.

जेवून कट्ट्यावर पंचवीस नावं टाकली. माझं सगळ्यांत वर.

२० एप्रिल, शुक्रवार

सालटी काढली लोकांनी. 'चोराच्या उलट्या बोंबा!' 'आता बहिष्कार होकस्ट्रावर!' लायकीच आहे माझी.

पण दुपारी टेनेसीहून एकाने लिहिलं — 'सोळावं नाव माझं. मीही वाचलं नव्हतं. शपथ कशी मागे घ्यायची, सांगतोस का?' संध्याकाळपर्यंत आणखी तिघे.

शिक्कावाल्या बाईच्या रांगेचा इशारा देऊन सगळ्यांना समजावून लिहिलं.

२७ एप्रिल, शुक्रवार

ॲनिका दुकानात आली होती. पुरावे आज दाखल झाले. आम्हा पाच जणांचे कागद सगळ्यांत वर. आता आशा आहे, म्हणाली. मी म्हटलं, आधी कळतं तर आधी दिला असता.

ती घुटमळली. मग म्हणाली, "तुमची सही मी वीस फेब्रुवारीलाच ओपलबाईंना दाखवली होती. म्हटलं, यांना नोटीस पाठवू, शपथ मागे घ्यायला लावू, नाहीतर आपल्या हातात काही नाही. त्यांनी पाठवू दिली नाही. म्हणाल्या, 'तो आपणहून आला तर येईल. नाही आला तर दोरा जाईल. दोराच ना?'"

आठ गुरुवार मी त्यांच्या टेबलाशी बसून टॉरविकला शिव्या घालत होतो, आणि त्या मला केक वाढत होत्या.