नदीवरचा दुसरा बाप्तिस्मा

प्रिय दादा,

वहिनीच्या गुडघ्याची चौकशी पत्राच्या शेवटी करायची असं ठरवलं होतं, पण तोवर माझा सूर बिघडलेला असेल, म्हणून आत्ताच विचारते. जिना चढू लागली का ती? इकडे दवाखान्याचं छप्पर एकदाचं बदललं. परिचारिकाबाई म्हणतात, गळतीखाली मांडलेल्या बादल्या आता पेशंटच्या कामी येतील.

तुझ्या सेवाकार्यावरच्या चित्रपटाची झलक परवा चर्चच्या मंडळीतल्या सगळ्यांच्या फोनवर आली. मी ती ओट्याशी उभ्यानेच पाहिली आणि मला किळस आली. हा शब्द तोलून लिहिते आहे. आधी ‘वाईट वाटलं’ असं लिहिलं होतं, ते खोडलं. वाईट वाटण्यात थोडी माया असते. त्या क्षणी माझ्यात ती नव्हती.

किळस हा आपला जुना विषय. गॅरेजमध्ये आपली पहिली उपासना झाली तेव्हा तू, मी, गॅरेजवाल्याची आई आणि एक लूत लागलेला कुत्रा, एवढीच मंडळी होती. तू त्या कुत्र्यालाही मंडळीत मोजायचास. पुढे जुलाबाची साथ आली, तेव्हा तू शाळेच्या व्हरांड्यात लोकांची शौचाची भांडी उचलायचास आणि मी नाकाला पदर लावून दारातच थबकायचे. मला ओढून आत नेताना तू म्हणाला होतास, किळस म्हणजे प्रेम कमी पडणं, दुसरं काही नाही. त्या वाक्यावर मी माझं अर्धं आयुष्य काढलं. जखमा धुतल्या, उवा काढल्या, एका म्हाताऱ्याची नखं कापताना त्याने माझ्या मांडीवर केलेली ओकारी पुसली. म्हणून आता हे जे पोटातून वर येतंय, त्याची मी कसून तपासणी केली. हा मत्सर आहे का? दादाचं नाव झालं आणि धाकटी गल्लीतच राहिली, म्हणून जळते आहे का? थोडं असेलही. पण ते बाजूला काढून ठेवलं तरी मळमळ थांबत नाही.

तुझ्या चित्रपटाला बाप्तिस्मा हवा होता. नव्याने घेणारं त्या आठवड्यात कुणी नव्हतं, म्हणून आधीच झालेल्या चौघांना पुन्हा नदीवर नेलंस. त्यांचा खरा बाप्तिस्मा आमच्या चर्चच्या तरुण पाळकांनी सभागृहामागच्या सिमेंटच्या टाकीत केला होता, पण ती टाकी म्हणे कॅमेऱ्यात डबक्यासारखी दिसते. तुझ्या माणसांनी पांढरे झगे आणले ते नाटकाच्या कपड्यांच्या दुकानातून भाड्याने. त्यांना कुणाकुणाच्या घामाचा वास येत होता. ते इस्त्री करायला दिले तेही आमच्या इस्त्रीवाल्या मावशीकडे, म्हणजे जिला त्यातलाच एक घालून पाण्यात उतरायचं होतं तिच्याकडे. तिने मला एका झग्याची कॉलर दाखवून विचारलं, “ताई, इथे काय शिवलंय?” तिथे ‘देवदूत, मागची रांग’ असं लिहिलेलं होतं. आम्ही दोघी हसलो. त्यानंतर मी तिला हसताना पाहिलेलं नाही.

काठावर मी तुला बाजूला घेऊन म्हटलं होतं की हे करू नये. तू म्हणालास, “नाकाने कांदे सोलू नकोस. हे नुसतं चित्रण आहे, प्रभूला कळतं.” मग पाण्यात उभा राहून तू बापाचं, पुत्राचं आणि पवित्र आत्म्याचं नाव घेतलंस, तुझ्या त्या भरलेल्या आवाजात, अगदी खरंखुरं. पहिल्यांदा वरून विमान गेलं. दुसऱ्यांदा मावशीला ठसका लागला. कॅमेरावाला ओरडला, “मावशी, वर आल्यावर जरा प्रसन्न!” तिसऱ्यांदा तुला हवं तसं मिळालं. प्रत्येक वेळी तू ती तिन्ही नावं पुन्हा घेतलीस. तुझ्या लोकांनी काठावर जेवणाचे खोके उघडले, उष्टे खोके तिथेच टाकले, आणि अंधार पडायच्या आत तुमच्या गाड्या गेल्या. ते खोके आम्ही वेचले. त्याचा राग नाही, घाण उचलायची सवय तूच लावलीस.

झलकेत मावशी पाण्यातून वर येते आणि तिच्या डोळ्यांतून धारा लागलेल्या दिसतात. खाली अक्षरं येतात, ‘आनंदाश्रू’. दादा, ती रडत होती ते तिच्या नवऱ्यासाठी. तुला हे माहीत नसणार, कारण तू कुणाला काही विचारलं नाहीस.

तिचा नवरा म्हणजे आमचे किल्लीवाले काका. कोपऱ्यावरच्या टपरीत किल्ल्या बनवायचे. मी नव्या लोकांचा वर्ग घेते, त्यात वर्षभर मागच्या बाकावर बसून मला छळायचे. “ताई, स्वर्गाचं दार अडलं तर मला हाक मारा, जुनी कुलुपं माझ्या हातची आहेत.” मावशी त्यांना कोपराने ढोसायची, “गप्प बसा हो, नाव कापतील तुमचं!” दोघांनी टाकीत एकाच सकाळी बाप्तिस्मा घेतला. बाहेर आल्यावर काका कुडकुडत म्हणाले, “आता हिच्यापासून तिकडेही सुटका नाही.” पुढे दोन महिन्यांनी ते झोपेतच गेले. मावशीने फार आकांत केला नाही. म्हणायची, एकाच पाण्यातून निघालोय, भेटतीलच. त्यानंतर तू आलास.

नदीवरून परतल्यावर तिने झगा पिळून दोरीवर टाकला आणि मला म्हणाली, “मग त्यांचं राहिलंच की, ताई.” मला आधी कळेना. मग उलगडलं. बाप्तिस्मा एकदाच होतो, तो पुन्हा करायचा नसतो, हे मीच वर्गात पहिल्या दिवशी शिकवते. तिने ते नीट लक्षात ठेवलं होतं. तुझ्यासारख्या एवढ्या मोठ्या पाळकाने तिचा पुन्हा केला, म्हणजे टाकीतला लागू झाला नव्हता. तिचा लागू झाला नाही, तर त्याच पाण्यातला काकांचा तरी कुठून होणार? आणि त्यांचा आता पुन्हा करता येत नाही.

मी समजावलं, नदीवरचं ते नाटक होतं. ती म्हणाली, “नाटकात देवाचं नाव खरं कसं घेतलं मग? आणि तेही तीनदा?” आमचे पाळक जाऊन आले. त्यांनाच तिने धीर दिला, “तुमच्या हातून काही राहून गेलं असेल, चालायचंच, तुम्ही अजून लहान आहात.” माझ्याबद्दलही तिचं तेच मत. “मोठे साहेब खोटं कशाला वागतील, ताई? त्यांनी इतक्या मंडळ्या उभ्या केल्या.” ती उपासनेला येते, पण प्रभुभोजनाच्या वेळी, भाकर आणि द्राक्षरस वाटायला लागले की, उठून बाहेर जाते. मी अडवलं तर म्हणाली, “ते बाहेर उभे असताना मी आत बसून कशी घेऊ?”

चित्रपट दाखवू नकोस हे सांगायला मी लिहीत नाही. तू काय दाखवतोस यात आता मला रस उरलेला नाही. परवा दफनभूमीचा रखवालदार मला रस्त्यात भेटला. विचारत होता, “तुमची ती इस्त्रीवाली रोज सकाळी नवऱ्याच्या मातीवर पाणी घालते, तिथे रोप तर काही लावलेलं नाही. कशाला घालते?” मी दुसऱ्या दिवशी तिच्या मागोमाग गेले. दादा, ती नदीवरून बाटली भरून आणते, तू उभा होतास त्या वळणावरून. तीन वेळा ओतते, तीनही नावं घेते आणि मग मातीला सांगते की माझ्या तोंडून लागू होत नसेल तर थोडं थांबा. म्हणून तू ये. गाजावाजा न करता, एकटा ये आणि तिला तुझ्या तोंडाने सांग की टाकीतला खरा होता, दोघांचाही, आणि नदीवर मोठे साहेब खोटं वागले. माझ्या सांगण्याने ते होत नाही. तुझ्या नावाला किती किंमत आहे ते मला चांगलं कळतं, त्यातली थोडी इथे खर्च कर. ती इस्त्री तापवायच्या आधी, उजाडताच दफनभूमीत जाते. तिच्या आधी पोच, आणि ती आली की तिच्या हातातली बाटली घे.

कितीही चिडले तरी तुझीच,
धाकटी